आर्थिंग

कॅमेरा दिसतो, मग दिसत नाही.
पडद्यावर लाकडाची फळी येते,
तिच्या कडेला माझा अंगठा,
आणि कूलरने घरघर धरली की सगळं काळं.
टुंग.
यंत्र निघून गेलं, असं लिहून येतं.
गेलं कुठं? इथंच तर आहे,
माझ्या चहाच्या कपापासून वीतभर.

अमळनेर, मे महिन्याचा दुसरा आठवडा.
बोरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात.
शटर अर्धं ओढून आत मी
आणि खोक्यातून आलेलं हे लेसर,
ज्याच्या पुस्तिकेत नऊ भाषा आहेत, माझी नाही.

कोरायचं एवढंच:
यमुनाबाई दगा बैसाणे,
एकतीस वर्षं, अंगणवाडी क्रमांक चार.
निरोप समारंभ उद्या दहाला.

पहिली फळी माझ्याच चुकीने गेली.
कॅमेरा तिरका बसला होता.
पडद्यावर नाव मधोमध,
लाकडावर दोन बोटं डावीकडं,
फोटो काढताना ऐनवेळी सरकलेल्या माणसासारखं.
मग ठिपक्यांचा कागद छापला,
तो कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून नऊदा त्याला दाखवला.
याच खोलीत बावीस वर्षं मी टायपिंग शिकवलं.
पोरींना म्हणायचे, बोटांकडं बघू नका.
या डोळ्याला म्हणते, बघ बाबा, नीट बघ.

दुसऱ्या फळीवर शिरोरेघ सुरेख उमटली,
तिला लटकलेली अक्षरं गुडघ्यापर्यंत आली
आणि शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरला.
टुंग.
नाव तसंच दोरीवर, अर्धं वाळत घातलेलं.

केबल बदलली. तीन मीटरची काढून
हातभर लांबीची, जाड.
हब उपटला. लेसरला एक भोक, कॅमेऱ्याला दुसरं,
एका घरात पटत नाही म्हणून.
ड्रायव्हर पुसला, परत घातला.
कॉम तीन होता तो कॉम सात झाला,
न सांगता खोली बदललेला भाडेकरू;
मी तासभर जुन्याच दाराला हाका मारत होते.
पुण्याच्या भाच्याला फोन लावला.
तो म्हणाला, बंद करून चालू केलंस का?
अकरा वेळा, राजा.

आणि फ्रेमला मनगट टेकलं की बारीक मुंग्या.
मला वाटलं, वय झालं.

हिलाल आप्पा आला होता कूलरचा पंप बघायला.
जाता जाता उलटा हात फ्रेमला लावला,
हं म्हणाला.
होल्डरला दोन वायरी, एक फेजमध्ये, एक आर्थिंगमध्ये.
बल्ब पेटला नाही, नुसता लाजला.

"मशीनले कसाले बोल लावतस, ताई?
जमीन सुकी गई शे."

दुकानामागे गंजक्या पत्र्याखाली खड्डा,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
भरला तेव्हा मी पेढे वाटले होते, मीटर नवीन म्हणून.
त्यानंतर कधी वाकून पाहिलं नाही.
टायपरायटरला जमीन लागत नसे.

नळ परवा येणार.
घरात पिण्याचं एक पिंप,
आणि कूलरच्या पोटात चार बादल्या.
मी कूलर उपसला.
पहिली बादली खड्डा प्यायला, आवाजसुद्धा केला नाही.
दुसरीला बुडबुडे आले.
तिसरीत मूठ मूठ खडेमीठ.
चौथी आप्पाने धरली. "हळू," म्हणाला, "तिले घाई नही."

मग घामाने निथळत आम्ही दोघं
गिरणी सुरू व्हायची वाट पाहत बसलो.
एरवी शिव्या दिल्या असत्या.
पट्टा फिरला. भिंत थरथरली.
पडद्यावर फळी होती.
फळीच्या कडेला माझा अंगठा होता, जिथल्या तिथं.
जळत्या सागाचा वास सुटला,
शिरोरेघ, गुडघे, पाऊल,
उकाराची शेपटीसुद्धा.

आता रोज सकाळी भांडी विसळलेलं पाणी तिकडं जातं.
पत्र्याच्या जागी ती अर्ध्या नावाची फळी टाकलीय.
शेजारीण कुंपणावरून विचारते,
काय लावलंय गं?
काही नाही, म्हणते,
उगवायचं नाहीये त्यातून काही.
ती पुन्हा बघते.
मी तांब्या उपडा करते.